कौन्सिलने हॉटेलं दिली म्हणून दंगल पेटली?

इंग्लंडमधल्या ऑगस्ट २०२४च्या दंगलींवरचा एक मजकूर मराठी ग्रुपांवर अजून फिरतो आहे. तिकडे एखाद्या हॉटेलबाहेर निदर्शनं झाली की तो पुन्हा वर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या नगरपालिकांनी, घुसखोरांना फुकट हॉटेलं आणि घरं दिली, स्थानिकांना रांगेत ताटकळत ठेवलं. त्यातल्याच एका घुसखोराने लहान मुली मारल्या, तेव्हा लोकांचा संयम सुटला. कौन्सिलने फक्त मेणबत्त्या लावल्या आणि एकतेची पत्रकं काढली. आणि शेवटी, ‘आपल्यासारख्या कायदेशीर लोकांना कसलाच धोका नव्हता.’

मुलींचं आधी. २९ जुलै २०२४ रोजी लिव्हरपूलजवळच्या साउथपोर्टमध्ये मुलांच्या नृत्यवर्गात चाकूहल्ला झाला आणि तीन मुली गेल्या. हल्लेखोर १७ वर्षांचा, रवांडाहून आलेल्या आईवडिलांचा, जन्म कार्डिफचा. ‘बोटीतून आलेला आश्रयार्थी’ ही अफवा आणि त्याला चिकटवलेलं मुस्लिम वाटणारं नाव, दोन्ही बनावट. आरोपी अल्पवयीन असल्याने खरं नाव जाहीर झालं नव्हतं. न्यायाधीशांनी ते १ ऑगस्टला खुलं केलं, पण जमावाने तोवर दम धरला नाही. ३० तारखेच्या संध्याकाळीच गावातल्या मशिदीवर दगडविटा पडल्या आणि पन्नासहून जास्त पोलीस जखमी झाले. या हल्लेखोराची ‘प्रिव्हेंट’ या कट्टरता रोखण्याच्या यंत्रणेकडे आधी तीनदा नोंद झाली होती. सरकारी यंत्रणांना जाब विचारायचा तर इथे भरपूर जागा आहे. पण मजकूर लिहिणाऱ्याला हा मुद्दा नकोच आहे, कारण त्यात बोटीतून आलेला कुणी नाही.

आता हॉटेलं. आश्रय मागणाऱ्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी १९९९च्या कायद्याने लंडनच्या गृहखात्यावर, म्हणजे होम ऑफिसवर टाकली आहे. होम ऑफिसने हे काम तीन खासगी कंपन्यांना विभागून दिलं आहे आणि हॉटेलवाल्यांशी व्यवहार त्या करतात. कौन्सिलला कळवलं जातं, कधी पुरेसं आधी, कधी अगदी ऐनवेळी. पटत नसेल तर लंडनजवळच्या एपिंग गावाचं उदाहरण घ्या. तिथल्या बेल हॉटेलमध्ये आश्रयार्थी ठेवू नयेत म्हणून खुद्द कौन्सिलच नगररचनेच्या नियमांवर बोट ठेवून उच्च न्यायालयात गेली. १९ ऑगस्ट २०२५ला तिला तात्पुरती मनाई मिळाली. गृहखातं त्याविरुद्ध उभं राहिलं आणि दहा दिवसांत अपील न्यायालयाने ती मनाई उठवली. कौन्सिलने हॉटेल ‘दिलं’ असतं तर ते बंद करायला ती कोर्टात कशाला गेली असती? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘फुकट’चा हिशोबही पाहून घ्या. जेवण मिळणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्या माणसाला २०२४मध्ये हातखर्चाला आठवड्याला ८.८६ पौंड मिळत होते. अर्ज प्रलंबित असेपर्यंत बहुतेकांना नोकरीची मुभा नसते, आणि कौन्सिलच्या घरांच्या रांगेत तर त्यांना उभंही राहता येत नाही. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की मात्र हॉटेल सोडावं लागतं, आणि मग यातले बरेच जण बेघर म्हणून कौन्सिलच्याच दारात येतात. घरांवरचा ताण खरा आहे. पण निर्णय लंडनचा आणि निस्तरायचं गावाने, अशी ती गत आहे.

कौन्सिलवरचा अविश्वास मात्र मला खोटा वाटत नाही. दंगली पसरत गेल्यावर उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅमजवळ मॅन्व्हर्सला जमावाने आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलच्या दारात पेटता कचऱ्याचा डबा ढकलला, तेव्हा आत माणसं होती. हेच ते रॉदरहॅम, जिथे १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असं स्वतंत्र चौकशी करणाऱ्या प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांच्या २०१४च्या अहवालाने सांगितलं. कौन्सिल आणि पोलीस, दोघांनी डोळेझाक केली होती. पुढे सरकारने तिथे आयुक्त नेमून कारभार हाती घेतला. त्या गावातला माणूस कौन्सिलचं नाव काढताच भडकला तर मी त्याला दोष देणार नाही. पण २०२४मध्ये त्या हॉटेलच्या खोल्यांत अडकलेल्यांचा त्या पापाशी काय संबंध? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

‘फक्त मेणबत्त्या’ हा आरोप अर्धाच खरा आहे. मुंबईचे पोलीस जसे महापालिकेच्या हाताखाली नाहीत, तसेच तिथले पोलीसही कौन्सिलचे नाहीत. धरपकड, खटले, शिक्षा ही कामं दुसऱ्यांची. कौन्सिलकडे उरतं ते वाचनालय, समाजकेंद्र, सफाई. लिव्हरपूलच्या वॉल्टनमधलं स्पेलो लेनचं वाचनालय घ्या. खाली पुस्तकं, सोबत नोकरी शोधायला मदत. २०२३मध्ये नव्याने सुरू झालेलं, शहरातल्या अत्यंत गरीब वस्तीतलं. ३ ऑगस्टच्या रात्री ते पेटवलं आणि अग्निशमन दलालाही अडवलं. पुढे लोकवर्गणीतून अडीच लाख पौंडांहून जास्त जमले आणि १२ डिसेंबरला दारं पुन्हा उघडली. चार महिन्यांत. आपल्याकडे एवढ्या वेळात पंचनामा तरी पुरा होतो का, कोण जाणे.

माझा राग कौन्सिलांच्या दुसऱ्याच सवयीवर आहे. ‘आमचं गाव एक आहे, हे बाहेरचे होते,’ असं पत्रक काढून मोकळं व्हायचं. साउथपोर्टमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन बाहेर पडलेले आणि मशिदीची भिंत पुन्हा रचून देणारे गवंडी स्थानिक होते, हे खरंच. पण ठिकठिकाणी न्यायालयात उभे राहिलेले अनेक जणही त्याच परिसरातले होते. २००१मध्ये उत्तर इंग्लंडमधली ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्ड ही गावं वांशिक दंगलींत पेटली, तेव्हा सरकारने नेमलेल्या टेड कँटल यांच्या अहवालाने बजावलं होतं की इथले समाज एकमेकांना न भेटता समांतर आयुष्यं जगत आहेत. त्यावर उपाय म्हणून माणसं एकत्र यायच्या जागा वाढायला हव्या होत्या. झालं उलटंच. २०१०नंतरच्या दशकात केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारं अनुदान महागाई जमेस धरता सुमारे ४० टक्क्यांनी घटलं आणि ब्रिटनभर जवळपास ८०० वाचनालयं बंद पडली. दंगलीनंतर सरकारने सावरायला दीड कोटी पौंड दिले, तेही २० भागांत वाटून.

राहिला ‘आपल्याला धोका नव्हता’ हा दिलासा. मिडल्सब्रोमध्ये जमाव गाड्या अडवून चालकांना विचारत होता: तू गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का? व्हिसा कुणी मागितला नाही. संडरलँडमध्ये ड्युटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सवर हल्ला झाला, आणि नर्स तर रीतसर नोकरीला आलेल्या असतात. ६ ऑगस्टला लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने भारतीयांना सावध राहायला सांगितलं, ते काही उगाच नाही.

आणि तिथे राहणारे जे हा मजकूर पुढे ढकलतात, त्यांच्यासाठी एक माहिती. भारत राष्ट्रकुलात असल्याने भारतीय पासपोर्टवर तिथे वैध राहणाऱ्यांनाही कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. फक्त मतदारयादीत नाव हवं. तेव्हा प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला वाचनालयाच्या बजेटचं विचारा. हॉटेलांचा प्रश्न मात्र तुमच्या खासदाराला लिहा, कारण होम ऑफिसला जाब विचारायची जागा तीच.