सोनेरी वानराला घरबसल्या मदत कशी करावी

पहिली गोष्ट, घाई करायची नाही. सोनेरी वानर काही उद्या सकाळी संपत नाही. 2023-24च्या गणतीत भारतात अंदाजे 7,396 निघाले, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी टाउनशिपमध्ये सगळे मावतील. जगात हा प्राणी फक्त पश्चिम आसामात आणि त्याला लागून भूतानमध्ये आहे, आणि या दोन्ही ठिकाणी आपला टूरवाला नेतो. तेव्हा मदतीची सुरुवात बॅग भरण्यापासून करावी.

कामाख्या, काझीरंगा उरकून वाट वाकडी करून बोंगाईगाव जिल्ह्यात जा. तिथे ककोइजाना नावाची एक टेकडी आहे, जेमतेम वीस चौरस किलोमीटरची. आम्ही गेलो तेव्हा सकाळी साडेसातला एका झाडावर देवळातल्या घंटांना बांधावेत तसे पाच सोनेरी दोर लोंबत होते. ते दोर म्हणजे शेपट्या, हे कळायला मिनिटभर गेलं. वर काळी तोंडं, तांबूस सोनेरी अंग, आणि कोवळी पानं खुडून खाण्याचा निवांत कार्यक्रम. आमच्या बसमधल्या काकूंनी तत्काळ पिशवीतून केळी, बाकरवडी आणि सोनपापडी काढली. तुम्हीही काढावी. या प्राण्याचं पोट पानं आंबवून पचवायला कप्प्याकप्प्यांचं बनलेलं असतं आणि गोडधोड त्यात घातक ठरतं, असलं काही बरोबरचा वाटाड्या मुलगा सांगू लागला तर ‘अरे बाळा, प्रेमानं देतोय’ म्हणावं. माथेरानच्या माकडांवर आपण इतकी वर्षं हाच प्रयोग यशस्वी केला आहे. आता तिथली माकडं झाडाकडे वळूनही बघत नाहीत, थेट पर्सकडे येतात.

हा वाटाड्या मुलगा मात्र नीट पाहून ठेवा, कारण पुढे सगळा घोटाळा त्याच्यामुळेच होतो. आपली समजूत अशी की जंगल वाचवतात ते अधिकारी, शास्त्रज्ञ आणि वन्यजीव छायाचित्रकार, तर तोडतात ते गावकरी. ककोइजानाने या सुंदर समजुतीचा पार विचका केला आहे. नव्वदच्या दशकात ही टेकडी लाकूडचोरीने जवळजवळ बोडकी झाली होती. झाडोरा पाच टक्केही उरला नव्हता, वानरं शंभराच्या आत. मग आजूबाजूच्या गावांतले राभा, गारो, बोडो, कोच-राजवंशी असे सगळे लोक एका स्थानिक संस्थेच्या मदतीने जमले, गावोगावी समित्या केल्या, रात्री पाळीपाळीने राखण केली. वीस-पंचवीस वर्षांत झाडोरा सत्तर टक्क्यांच्या वर गेला आणि वानरं पाचशेच्या पुढे. हे सगळं आपल्याला न विचारता. या कामात शहाणपण शिकवायला रॉबर्ट हॉर्विच नावाचे एक अमेरिकन गृहस्थही आले होते. त्यांनी 1985 साली बेलीझ देशात जमीनमालक शेतकऱ्यांकडून लेखी वचनं घेऊन हाऊलर माकडांचं अभयारण्य उभं केलं होतं, म्हणजे खोड जुनीच होती.

आता अशा गटाला पैसे द्यायची दुर्बुद्धी तुम्हाला झालीच, तर काही पथ्यं पाळा. त्या मुलाने निघताना आमच्याकडे फार काही मागितलं नाही. रात्रीच्या गस्तीसाठी चार चांगले टॉर्च. ‘जमलं तर पाठवा, दादा,’ एवढंच. आम्ही परत येऊन सोसायटीच्या ग्रुपवर विषय टाकला आणि तिथून प्रकरण योग्य मार्गाला लागलं. एकाने विचारलं, 80जी, म्हणजे देणगीवर करसवलत, आहे का. दुसऱ्याने मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागवले. तिसऱ्याचं म्हणणं, टॉर्चचा वानरांना नेमका किती फायदा झाला हे मोजणार कसं? प्रतिटॉर्च किती वानर? हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असाल तर तुमचं काम फारच सोपं. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला (यालाच सीएसआर म्हणतात) द्यायचे असतात आणि घेणाऱ्या संस्थेकडे 12ए ही प्राप्तिकराची नोंदणी, 80जी, तीन वर्षांचा अनुभव आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नावाचा नोंदणीचा फॉर्मही लागतो. टेकडीच्या पायथ्याशी चुलीपुढे बसून हा फॉर्म ऑनलाइन भरता येत नसेल तर त्या समितीची वन्यजीवांबद्दलची तळमळच संशयास्पद मानावी. एवढं करूनही चुकून एखादी समिती पात्र ठरली, तर निम्मे पैसे उद्घाटनाच्या फलकाला द्यावेत आणि फलकावर वानरापेक्षा लोगो मोठा ठेवावा. माकड म्हणतं माझीच लाल, ही म्हण माकडांनी लिहिलेली नाही.

न्यू जर्सीत नागरिकत्व घेतलेला पुतण्या डॉलर पाठवतो म्हणाला तर त्याला थोपटून शांत करा. परदेशी देणगी घ्यायला वेगळी नोंदणी लागते. ती मिळवायची तर संस्थेने आधीच्या तीन वर्षांत आपल्या कामावर किमान पंधरा लाख खर्च केलेले असावे लागतात. म्हणजे पैसे नाहीत म्हणून पैसे हवेत, हे कारण चालत नाही. भूक लागल्याचा पुरावा म्हणून आधी जेवून दाखवायचं. नोंदणी झालीच, तर खातं काढायचं नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. बोंगाईगावहून दिल्ली तशी फार लांब नाही, मन मोठं असलं की झालं. एखाद्या मोठ्या संस्थेने परदेशातून पैसे घेऊन गावच्या समितीला द्यावेत, ही पळवाटही 2020च्या दुरुस्तीने बुजवली आहे.

तरीही काही समित्या टिकतात. अशांसाठी शेवटचं आणि रामबाण औषध म्हणजे सन्मान. ककोइजानाच्या लोकांना तो 2022 साली मिळाला. टेकडी हिरवी झाली, वानरं वाढली, तेव्हा सरकारने तिथे अभयारण्य करण्याची प्राथमिक अधिसूचना काढली. टेकडी बोडकी असताना ही कल्पना कुणाला सुचली नव्हती, यावरून शासनाची सौंदर्यदृष्टी लक्षात येते. आयत्या बिळावर नागोबा म्हणणारे म्हणोत. नागोबा हाही शेवटी वन्यजीवच. इतकी वर्षं रात्र रात्र जागलेले लोक मात्र भलतेच कृतघ्न निघाले. अभयारण्य झालं की आपण राखलेल्या रानात पाय टाकायलाही परवानगीचा विषय निघेल, म्हणून त्यांनी विरोध केला आणि 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मागितले. जंगल राखायचं ते राखायचं, वर कागदही मागायचा!

ही मागणी त्यांना कुणी शिकवली म्हणाल तर बोट आपल्याकडेच वळायची भीती आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा असाच सामूहिक हक्क मिळवला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. अर्थात आपल्याकडेही कुणी घाई केली नव्हती. हक्क 2009चा, पण बांबू तोडून विकायची मोकळीक प्रत्यक्ष हाती पडायला 2011 उजाडलं. बांबू गवत की झाड, यावर तोवर विद्वानांचा खल चालला होता. सोनेरी वानर मात्र झाडावर राहतो हे सर्वमान्य आहे. झाड कुणाचं, एवढंच ठरायचंय.

तर तुम्ही काय करायचं? 14 डिसेंबरला जागतिक माकड दिन असतो, त्या दिवशी डीपी बदला. वानर आणि माकड यांतला फरक काढत बसू नका. गणपतीत देखावा करा. आमच्या सोसायटीने यंदा ‘वाचवा सोनेरी वानर’ हाच विषय घेतला आहे. थर्माकोलवर बंदी असल्याने पुठ्ठ्याचं सोनेरी वानर केलंय, सात फुटी, डोळ्यांत दिवे आणि शेपटी मोटरवर हलणारी. बजेट अडतीस हजार. दिव्यांचं काम सुरेख झालंय, रात्री रस्त्यापलीकडूनही दिसतं.

टॉर्चचा विषय मी परवा कमिटीत पुन्हा काढला. खजिनदार म्हणाले, चार खरंच लागतात का, दोन टॉर्च आळीपाळीने वापरता येणार नाहीत का. पुढच्या मीटिंगवर ठेवलंय.