लुसर्नचा ऑर्केस्ट्रा : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया कडक आहे पण तुम्ही लेख पूर्ण वाचून लिहिलीय, म्हणून उत्तरही नीट देतो. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की, उन्हाळ्यात जमून पांगणारे हे भाड्याचे वादक, त्यांना कसला आलाय इतिहास, 1938 चा ऑर्केस्ट्रा वेगळा नि 2003 चा वेगळा, कंडक्टर टोस्कानिनीचा नाझीविरोध मी रंगवून सांगितला, लुसर्नला खरे हवे होते ते पर्यटक, आणि देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या गावात, कोल्हापुरात बसून स्वित्झर्लंडचं कौतुक कशाला.

आधी टोस्कानिनी. लुसर्नला पर्यटक हवे होते हे खरंच आहे, ते कुणी नाकारत नाही. पण या माणसानं 1931 मध्ये बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला म्हणून भर रस्त्यात मार खाल्लाय, 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीतला बायरॉइटचा वाग्नर महोत्सव सोडला, 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तिथला साल्झबुर्गचा महोत्सव सोडला. आणि मग त्याच वर्षी 25 ऑगस्टला लुसर्नच्या ट्रिबशेनमध्ये, हिटलरच्या लाडक्या संगीतकार वाग्नरच्याच जुन्या घरासमोर उभं राहून त्यानं 'सीगफ्रीड आयडिल' वाजवलं, जे वाग्नरनं त्याच घरात बायकोच्या वाढदिवसाला जिन्यावर वादक उभे करून पहिल्यांदा ऐकवलं होतं. वादकांत जर्मन व्हायोलिनवादक आडोल्फ बुश होता, ज्यानं 1933 पासून जर्मनीत वाजवणं बंद केलेलं. कंडक्टर ब्रूनो वाल्टर ज्यू, ऑस्ट्रियाचं दार त्याला बंद झालेलं, तोही त्या उन्हाळ्यात लुसर्नला आला. आता यात मी रंग कुठं भरला सांगा.

खंड पडला हे मान्यच, लेखातही तसंच लिहिलंय. 1943 मध्ये स्विस वादकांचा फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा उभा राहिला, तो 1993 ला बंद झाला, पुढं दहा वर्षं काहीच नाही. पण मधे बंद पडलं म्हणून नातं तुटलं असं कसं म्हणायचं? शाहू महाराज 1922 ला गेले, अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला गेले, म्हणून जयपूर घराणं संपलं का? दरबार सुटला तरी गायकी शिष्यांच्या गळ्यात राहिली की.

'भाड्याचे' हा शब्द मात्र मला खरंच लागला. 2003 मध्ये इटालियन कंडक्टर क्लाउडिओ आबादोनं ऑर्केस्ट्रा परत उभा केला तेव्हा गाभा होता माहलर चेंबर ऑर्केस्ट्राचा, म्हणजे त्यानंच काढलेल्या युथ ऑर्केस्ट्रात वाढलेली पोरं, आणि त्यांच्याबरोबर सबीने मायर क्लॅरिनेटला, नतालिया गुटमन सेलोच्या रांगेत, हागेन क्वार्टेटची मंडळी तंतुवाद्यांत. सोलो वाजवायला जगभर बोलावणं येणारी माणसं इथं रांगेत बसून दुसऱ्याचं ऐकत वाजवायची, सुट्टीचे दिवस देऊन, ते काय पैशासाठी?

2013 च्या ऑगस्टमध्ये आबादोची शेवटची मैफल झाली, शुबर्टची आठवी आणि ब्रुकनरची नववी, दोन्ही अपूर्ण राहिलेल्या सिंफनी. जानेवारी 2014 मध्ये तो गेला. एप्रिलमध्ये त्याच्या स्मरणार्थ हे लोक परत जमले आणि त्याच शुबर्टचा पहिला भाग त्यांनी कंडक्टरशिवाय वाजवला, पोडियम रिकामं ठेवून. नव्वद-शंभर माणसं सोडा, दहा जण हात दाखवणाऱ्याशिवाय एका लयीत ठेवून बघा एकदा, म्हणजे हे भाड्यानं जमत नाही हे कळेल. इतकी वर्षं एकमेकांचा श्वास ऐकत वाजवलं तरच होतं ते.

आणि धागा म्हणाल तर अजून एक. आबादोनं लुसर्नमध्ये माहलरच्या एकेक करून सिंफनी केल्या, राहिली ती फक्त आठवी, 2012 ला ठरली होती पण त्यानं कार्यक्रम बदलून मोझार्टचं रेक्विएम केलं. 2016 ला नवा कंडक्टर म्हणून रिकार्दो शायी आला, जो तरुणपणी मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात आबादोचा असिस्टंट होता, आणि त्यानं पहिल्याच मैफिलीत काय घेतलं? माहलरची आठवी. उरलेलं काम आधी पुरं केलं, मग स्वतःचं सुरू केलं. माझ्या मते इतिहास असतो तो असा, सलग तारखांची यादी लागतेच असं नाही.

राहता राहिला देवल क्लब. त्यावर लिहायचंय, नक्की लिहिणार, पण एकावर लिहिलं म्हणजे दुसऱ्याचा अपमान झाला असं नाही सर. तिथल्या जुन्या बैठकींबद्दल तुमच्याकडं काही माहिती असेल, कार्यक्रमपत्रिका, फोटो वगैरे, तर कमेंटमध्ये कळवा, लेखासाठी खरंच उपयोग होईल.