आधी पिशवी आणा

सत्तरी ओलांडलेलं माणूस पहिल्यांदा दाखवायला येणार असेल तर आमच्या दवाखान्यातून फोनवर एकच निरोप जातो: घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. चालू असलेली, बंद केलेली, शेजारणीने दिलेली, मेडिकलमधून आपणच आणलेली, चूर्ण, डोळ्यांचे थेंब, सगळं. फाइल मी नंतर बघतो.

फलटण तालुक्यात 22 वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. पहिली दहा वर्षं मी म्हाताऱ्या माणसांना तसंच तपासलं जसं चाळिशीच्या माणसाला तपासतो. तक्रार ऐकायची, गोळी लिहायची, पुढचा पेशंट. आता बुधवारची दुपार फक्त त्यांच्यासाठी ठेवली आहे. एकेकाला पाऊण तास. त्या पाऊण तासात मी काय करतो आणि का करतो, हे एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

एप्रिलमध्ये एक नाना आले. वय 78, आयुष्यभर शेती केलेले, मुलगा पुण्यात नोकरीला, सोबत सून. तक्रार चकरेची. "उठलं की गरगरतंय, डॉक्टर. भिताडाला धरून उभा ऱ्हातो." पिशवी टेबलावर उलटी केली. अकरा पाकिटं निघाली. त्यातली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या रंगांची, वेगळ्या नावांची. मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं तर दोन्हींत टेल्मिसार्टन, बीपीचं औषध. एक इथल्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी नाना महिनाभर पुण्याला राहिले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं असं घरच्यांना वाटलं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे एकाच औषधाची शेकड्यांनी ब्रँड नावं आहेत.

पुढची पाकिटं बघत गेलो तशी गोष्ट उलगडत गेली. बीपीसाठी आणखी एक गोळी होती, अम्लोडिपिन. तिने काहींच्या पायांवर सूज येते, नानांच्याही आली. त्या सुजेसाठी कोणीतरी लघवीची गोळी दिली. खरं म्हणजे अम्लोडिपिनची सूज त्या गोळीने फारशी उतरत नाही. पण तिच्यामुळे नाना रात्री चार-चार वेळा उठायला लागले. झोप मोडली म्हणून झोपेची गोळी. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज चालू, आणि तीच बीपी वाढवते. शिवाय ती, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी अशा तिन्ही एकत्र रोज पोटात गेल्या तर म्हाताऱ्या किडनीवर फार भार पडतो. एका गोळीचा त्रास हा नवीन आजार समजला गेला आणि त्यावर दुसरी गोळी आली. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या परीने बरोबरच लिहिलं होतं. सगळी पाकिटं एका टेबलावर मात्र कोणी मांडली नव्हती.

नानांचं बीपी झोपवून मोजलं, 138. उभं केलं, सून बाजूला धरून उभी राहिली, तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजलं, 108. वरचा आकडा उभं राहिल्यावर 20 ने जरी उतरला तरी आम्ही तो गांभीर्याने घेतो. खुर्चीत बसवून एकदा मोजलेल्या बीपीत हे कधीच दिसलं नसतं.

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, मी एकही गोळी चुकवली नाही हो. डबा भरून वेळच्या वेळी दिल्या." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या मुलीने जिवापाड सेवा केली होती आणि त्याच सेवेने नाना भिंत धरून चालत होते. तिला सांगितलं, तुझं काहीच चुकलं नाही. कमी पडलो ते आम्ही डॉक्टर.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. नवरा गेल्यावर झोप लागत नाही म्हणून एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. मी अल्प्राझोलम लिहिली, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांनी मी बोलावलं नाही, त्या आल्या नाहीत, आणि तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळी तीन वर्षं चालू राहिली. एका रात्री बाथरूमला जाताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्या पुन्हा स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत गेल्या नाहीत. त्यांना झोपेच्या गोळीपेक्षा संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. मी ते विचारलंच नव्हतं. बुधवारची दुपार सुरू झाली ती त्यांच्यामुळे.

म्हणून आता प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटच्या वेळी मी स्वतःला आधी विचारतो, यातलं काय थांबवता येईल? मग, काय द्यायचं. शुगरचंही तसंच. 82 वर्षांच्या, जेमतेम दीड भाकरी खाणाऱ्या आजीचा तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट 6.2 आला की घरचे खूश होतात. मला भीती वाटते. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड चालू असेल तर पहाटे शुगर कधी खाली जाईल आणि आजी कुठे पडेल याचा नेम नाही. अशा थकलेल्या माणसाला साडेसात-आठ चालतं, आणि मी ते चालवून घेतो.

एक विनंती मात्र हात जोडून. हे वाचून कुणीही घरच्या घरी गोळी बंद करू नका. हृदयाच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेतू शकतं. नानांच्या वेळीही मी आधी दोन्ही डॉक्टरांना फोन केला, आणि दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं. झोपेची गोळी कमी करत करत सोडवायला दोन महिने गेले.

"वय झालं, चालायचंच" हे वाक्य मला सहन होत नाही, आणि ते सर्वांत जास्त पेशंटच्याच तोंडून ऐकतो. भ्रमिष्ट झाल्यात म्हणून आणलेल्या एका आजींच्या दोन्ही कानांत मळाचे दडे बसले होते. ते काढले, आणि आजी पहिल्यांदा बोलल्या त्या मुलाला: "हळू बोल की, एवढा वरडतोयस कशाला." कुणाचं रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, कुणाचं वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन घेऊन व्हिटॅमिन बी-12 कमी झालेलं असतं. वय झालं म्हणून गप्प बसलं की हे सगळं निसटून जातं.

आणि घरी गेल्याशिवाय तर अर्धं कळतच नाही. ओल्या शहाबादी फरशीची न्हाणी, उंच उंबरा, शून्याच्या बल्बचा उजेड. तिथे भिंतीला एक दांडी बसवली तर माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

सरकारने ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत घेतलं, वर्षाला 5 लाखांचं संरक्षण दिलं. फार मोठी गोष्ट आहे, माझ्या पेशंटांना तिचा उपयोग झालेला मी पाहिलाय. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरची. खुबा मोडला की कार्ड चालतं. खुबा मोडू नये म्हणून पिशवी उलटी करून कुणीतरी पाऊण तास बसावं, याला या योजनेत जागा नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सगळं तपासून झालं की मी एक प्रश्न विचारतो. मुलाला किंवा सुनेला नाही, पेशंटला. तुम्हाला काय करता यायला हवं? नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघायचंय. दोन सालं झाली, घरातनं टीव्हीवरच बघतोय. माझ्या पायावर उभा राहून बघायचंय."

मग आमचं सगळं औषधपाणी वारीतल्या त्या एका रिंगणाच्या दिवसावर नजर ठेवून चाललं. बीपीचं लक्ष्य, सकाळचं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम, सगळं. माउलींची पालखी लोणंदहून चांदोबाच्या लिंबामार्गे तरडगावकडे निघाली त्या दुपारी सूनबाईंचा फोटो आला. गर्दीच्या कडेला नाना, एका हातात काठी, दुसरा हात टाळीसाठी वर. शेजारी नातू, पण त्याला धरलेलं नाही.

मागच्या बुधवारी येऊन गेले. पिशवीत चार पाकिटं होती: बीपीची एक, शुगरची एक, प्रोस्टेटची एक आणि गुडघा फारच दुखला तर पॅरासिटामॉल. प्रोस्टेटची गोळीही उभं राहताना बीपी उतरवते, म्हणून ती आता रात्री झोपताना घ्यायला सांगितली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा उभं करून मोजायचंय.