यात भांडण कुठे आहे?

माझा एक कॉलेजमित्र मराठी वाहिन्यांसाठी कार्यक्रम बनवतो. मध्यंतरी त्याला नव्या रिअ‍ॅलिटी शोसाठी कल्पना हव्या होत्या, म्हणून आम्ही चौघं जुने नाटकवाले व्हिडिओ कॉलवर जमलो. तिघं तिकडे आणि मी इकडे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये. कुणी काहीही सुचवलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात भांडण कुठे आहे?"

त्याच्यावर राग धरता येत नाही. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि तो घसरला की जाब त्यालाच द्यावा लागतो. आपल्याकडचा वाद मात्र कायम दोन टोकांवर अडकलेला असतो. एक म्हणतो, कलेचा बाजार मांडलाय. दुसरा म्हणतो, लोकांना हेच बघायचं असतं. इथे राहून मला वाटायला लागलंय की प्रेक्षकाला भांडण हवं नसतं, 'आता काय होणार' ही धाकधूक हवी असते. भांडण हा ती निर्माण करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, इतकंच.

२०२३ साली चॅनल फोर या इथल्या वाहिनीवर 'द पियानो' सुरू झालं. रेल्वे स्टेशनात सार्वजनिक पियानो ठेवलेला, येणारे-जाणारे हौशी लोक तो वाजवतात. पियानोवादक लँग लँग आणि पॉप गायक मिका लपून ऐकतायत आणि निवड करतायत, हे पहिल्या वर्षी वाजवणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. आमच्या लीड्स स्टेशनवर १३ वर्षांची एक अंध मुलगी शोपँ या संगीतकाराची रचना वाजवायला बसली. शिक्षकाने तिचा हात धरून तिला पियानोपर्यंत आणलं होतं. सूर सुरू झाले आणि बॅगा ओढत निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. पहिल्या वर्षीची विजेती तीच ठरली. चॅनल फोर सरकारी मालकीचं असलं तरी जाहिरातींवर चालतं, म्हणजे बाजारातच बसलेलं आहे.

कुंभारकामाच्या 'पॉटरी थ्रो डाऊन'मध्येही हेच. परीक्षक कीथ ब्रायमर जोन्स चांगलं भांडं पाहून खरोखर रडतात. पण माझा श्वास अडकतो तो भट्टीचं दार उघडताना. मातीत ओल राहिली असेल तर भांडं आत फुटलेलं असतं. कित्येक तासांची मेहनत आणि समोर ठिकऱ्या. तिथे कुणाला कुणाविरुद्ध भडकवावं लागत नाही, माती स्वतःच पुरेशी निष्ठुर असते.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. २०१९ मध्ये एका सहभागी माणसाच्या मृत्यूनंतर लोकांची घरगुती भांडणं चव्हाट्यावर आणणारा एक जुना कार्यक्रम बंद करावा लागला. पुढे २०२१ मध्ये ऑफकॉमने, म्हणजे इथल्या प्रसारण नियामक संस्थेने, सहभागींच्या काळजीचे नियम कडक केले. शिवाय बीबीसीला लायसन्स फीचा, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा, आधार आहे. केक-पाव भाजण्याच्या स्पर्धेचं 'बेक ऑफ' २०१० मध्ये बीबीसी टूवर सुरू झालं आणि हळूहळू वाढत बीबीसी वनवर जायला त्याला चार वर्षं मिळाली. इतका धीर माझ्या मित्राला कोण देणार? हा फरक खरा आहे आणि तो मला खुपतो.

पण आपल्याकडे जमत नाही, हे मला मान्य नाही. २००८-०९ मध्ये 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' या गाण्याच्या स्पर्धेतली पाच मुलं घराघरांत पोचली ती त्यांच्या गाण्यामुळे. गाण्यातली अमुक जागा नीट आली की नाही यावर बैठकीच्या खोल्यांत चर्चा व्हायची.

म्हणून मी त्याला कल्पना दिली ती एकांकिकेची. महाविद्यालयांचे आठ संघ, पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंत. ओढ आयतीच आहे: आयत्या वेळी आजारी पडलेला नट, नेपथ्य लावायला मिळणारी मोजकी मिनिटं, ब्लॅकआउटमध्ये विंगेत कुणीतरी धरलेला श्वास. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा चालू आहे. तिथली 'अरे आवाज कुणाचा' ही आपापल्या कॉलेजसाठी दिलेली आरोळी ज्याने एकदा प्रेक्षागृहात बसून ऐकली, त्याला वेगळं नाट्य शोधावं लागत नाही.

मित्र म्हणाला, "आणि परीक्षकांनी २०२२ सारखं केलं तर?" त्या वर्षी एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नाही असं परीक्षकांनी ठरवलं होतं आणि करंडक कुणालाच मिळाला नव्हता. केवढा गदारोळ झाला होता! त्याच्या मते विजेत्याशिवाय फिनाले म्हणजे आत्महत्या. माझ्या मते तो भाग अख्खा महाराष्ट्र बघेल, आणि दुसऱ्या दिवशी नाटकाबद्दल भांडेल. ते भांडण मला चालेल.

दोन पानांचा आराखडा मी त्याला पाठवलाय. प्रायोजक, भागांची संख्या, वेळ, सगळं तो त्याच्या हिशेबाने बदलू शकतो. परीक्षकांना 'यंदा कोणीच नाही' म्हणण्याचा अधिकार करारातच असावा, ही एक ओळ मात्र कापू नकोस, एवढं मी त्याच्याकडे मागितलंय.