गवत कधी कापायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रामराम.

रानातलं थोडं गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावर कापा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "दिवाळीनंतर गवत कापायला सांगणं म्हणजे गाईपुढे काड्या टाकणं. लिहिणाऱ्याच्या दावणीला जनावर नसावं."

दावणीला एक गाय आणि बैलजोडी आहे. पण काड्यांबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे, आणि ते मी लेखातच लिहायला हवं होतं. फुलोऱ्यातल्या गवतात जी प्रथिनं असतात, ती बी झडेपर्यंत निम्म्यावर येतात. दुभत्या जनावरासाठी मारवेल, म्हणजे गुरं आवडीने खातात ते चांगलं गवत, फुलोऱ्यातच कापावं, यावर आपला वाद नाही.

माझं म्हणणं सगळ्या रानाबद्दल नाही, तीनातल्या एका हिश्श्याबद्दल आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या आमच्या पडीत तुकड्यात वडिलांच्या काळी मारवेल मांडीला लागायचं. आम्ही दरवर्षी चांगलं गवत आधी कापत गेलो. कुसळी, म्हणजे टोकदार कुसळांचं गवत, कुणालाच नको, म्हणून ती उभी राहायची आणि तिचंच बी पडायचं. मारवेलचे जुने ठोंब मेले, तिथे कुसळी आली. हे आम्हीच केलं, पावसाने नाही. आता दरसाल एक हिस्सा बी झडेपर्यंत राखतो, पुढच्या साली दुसरा. मारवेल हळूहळू परत येतंय. पहाटे तिथून लावऱ्या उडतात, तेव्हा फार बरं वाटतं.

कुसळीला मात्र उशीर नको. ती पोटरीत असतानाच, म्हणजे तुरा बाहेर पडायच्या आधी, कापा. कुसळं पिकल्यावर कापली तर गुरांच्या हिरड्यांत रुततात, आणि ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांच्या लोकरीतून थेट कातडीत शिरतात.

आणखी एक. आश्विनात कापसाची वेचणी लागते, विळ्याला माणूस मिळत नाही, आणि परतीचा पाऊसही तेव्हाच. २०१९ला दिवाळी झाली तरी पाऊस हटला नव्हता. आमचं कापून पसरलेलं गवत काळं पडलं, बुरशीचा वास गंजीपर्यंत गेला. उभं होतं ते वाचलं. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा हाती यायला होळी उजाडते, तोवर ह्याच गवतावर बैल निघाले.

काड्यांवर उपाय आहे. १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मग थोडा थोडा सुरू करायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका, आणि युरियाचं पाणी गुरांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या.

आणि विळा जमिनीला टेकवू नका. चार बोटं ठोंब राहू द्या, पुढच्या पावसात फुटवा तिथूनच येतो. तुमच्या बांधावर मारवेल जास्त आहे की कुसळी, तेवढं कळवा. त्यावरून कोणता तुकडा राखायचा ते ठरवता येईल.