हरवलेले चाळीस यार्ड

गोल्फमधला माझा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब (काठी), उन्हाळ्यात चेंडू दोनशे यार्ड नेतो. (सोबत खेळणाऱ्यांचं मत वेगळं आहे, पण मोजायचं खातं मी स्वतःकडे ठेवलंय.) त्या सकाळी पारा 2 अंशांवर होता. तोच ड्रायव्हर, तोच माणूस, आणि चेंडू पडला एकशे साठवर. चाळीस यार्ड गेले कुठे? काही हरवलं की माणूस आधी खिसे चाचपतो. माझी तीही सोय नव्हती, कारण खिशांत हात होते आणि ते बाहेर यायला तयार नव्हते.

मुळात खेळ सुरू व्हायलाच तासभर उशीर झाला होता. दव गोठलेल्या गवतावर चालू देत नाहीत. पाती पायाखाली मोडतात आणि मागाहून तिथे तपकिरी पावलं उमटतात. त्या तासात मी जागच्या जागी उड्या मारल्या आणि आमच्या चौकडीतल्या निवृत्त इंजिनिअर साहेबांनी हवेवर व्याख्यान दिलं. 30 अंशांच्या हवेपेक्षा 2 अंशांची हवा साधारण दहा टक्के दाट असते. दाट हवा चेंडूला जास्त अडवते. साडेपाच अंश उतरले की ड्रायव्हरचे दोनेक यार्ड कमी होतात, असं खेळाडूंचं ढोबळ गणित आहे. म्हणून थंडीत एक पायरी लांब मारणारा क्लब घ्यायचा.

मी मनातल्या मनात भागाकार केला. दहा यार्ड! फक्त दहा?

"पण आज धुकंही आहे," मी म्हणालो. "दमट हवा किती जड!"

"उलट," साहेब म्हणाले. "पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी. दमट हवा हलकीच असते." पावसाळाभर मी जी सबब वापरत आलो होतो, ती त्यांनी एका वाक्यात जप्त केली.

आता संशय चेंडूवर. त्याच्या पोटात रबर असतं आणि गारठलेलं रबर क्लबचा तडाखा बसल्यावर हवी तशी उसळी घेत नाही. शिवाय ते एकदा गारठलं की आतपर्यंत ऊब पोचायला कितीतरी तास लागतात. माझे चेंडू तर रात्रभर गाडीच्या डिकीत होते! म्हणून पुढच्या खेळाच्या आदल्या रात्री तीन चेंडू पांघरुणात घेऊन झोपलो. मध्यरात्री बायकोची पाठ त्यातल्या एकावर आली.

"अहो, हे उबवून त्यातून काय निघणार आहे?"

"पाच यार्ड," मी झोपेत म्हणालो.

मैदानावर ती ऊब टिकावी म्हणून मी हात शेकायची पुडी आणि चेंडू एकाच खिशात ठेवले. साहेबांनी ते पाहिलं. हात खुशाल शेका, पण चेंडू मुद्दाम तापवून तो मारला तर नियमाने थेट बाद. माझं स्कोअरकार्ड पाहता बाद होणं म्हणजे शिक्षेपेक्षा सुटकाच होती, पण चारचौघांत चेंडूला वेगळ्या खिशात बसवावं लागलं.

राहिले कपडे. बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर जाकीट. क्लब मागे न्यायला गेलो की खांद्याच्या आधी स्वेटर वळतो आणि स्वेटर थांबला की मीही थांबतो. क्लबचा वेग ताशी एका मैलाने उतरला तर अडीचेक यार्ड जातात म्हणे. माझा चार मैलांनी तरी उतरला असणार. म्हणजे आणखी दहा.

या मुद्द्यावर माझ्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे. 1971 साली अपोलो 14 मधून गेलेल्या अ‍ॅलन शेपर्डने चंद्रावर चेंडू मारला. तिथे अडवायला हवा नाही, गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश. पण अंगातला पोशाख इतका ताठ की बिचाऱ्याला एकाच हाताने क्लब फिरवावा लागला. पुढे छायाचित्रांवरून मोजलं तेव्हा त्याचा लांबातला लांब चेंडू भरला अंदाजे चाळीस यार्ड. चाळीस! माझा हरवलेला आकडा असा चंद्रावर सापडला. जिथे हवाच नाही तिथे दोष कपड्यांखेरीज कुणाचा? मी हे साहेबांना ऐकवलं. ते स्वतः एका पातळ स्वेटरवर होते आणि त्यांचा चेंडू माझ्या बराच पुढे पडला होता.

"हवेचे दहा, चेंडूचे पाच, कपड्यांचे दहा," त्यांनी बोटांवर मोजलं. "पंधरा अजून बेवारस आहेत."

"थंडीने स्नायू आखडतात."

"दोनशे यार्ड जाताना कुणी पाहिलाय का कधी?"

मी रागाने दोन्ही स्वेटर उतरवले, दात वाजत असतानाच क्लब फिरवला आणि चेंडूच्या डोक्यावर टपली बसली. तो उडालाच नाही. गोठून दगड झालेल्या उतारावरून टणटण करत निघाला, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, काठाकाठाने गेला, पुन्हा उतार सापडला म्हणून आणखी पुढे गेला. हवेत गेलाच नव्हता, त्यामुळे तिची घनता त्याच्या गावीही नव्हती. मी पावलांनी मोजलं. दोनशे चार.

साहेब काही बोलले नाहीत. मी वहीत फक्त आकडा लिहिला.