सर्व्हिसिंगनंतरही गाडी उशिरा सुरू होते, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमची सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्‌स कार आठवडाभर उभी राहिली की आठ-दहा सेकंद सेल मारावा लागतो, रोज चालवली तर पटकन सुरू होते, आणि मित्राची ऐंशीच्या दशकातली इंजेक्शनची गाडी कधीच त्रास देत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यावरून आम्ही काम अर्धवट सोडलं, असं तुमचं म्हणणं. तुमचा वैताग मला कळतो. पण हा निष्कर्ष मला मान्य नाही.

तुमच्या गाडीला दोन वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) आहेत आणि पेट्रोलचा पंप मेकॅनिकल आहे, म्हणजे इंजिन फिरलं तरच चालणारा. गाडी उभी असताना फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून जातं. तापलेलं इंजिन बंद केलं की त्याच्या धगीने हे उडणं लगेच सुरू होतं, पुढे दिवसेंदिवस चालू राहतं. आठवड्याने तुम्ही किल्ली फिरवता तेव्हा चेंबर जवळजवळ कोरडे असतात आणि जेटना (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांना) ओढायला काही नसतं. ते भरायचे तर सेल मारूनच. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देतो, पंप हलवणारा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला दांडा, त्याच्या निम्म्याने फिरतो. म्हणजे १० सेकंदांत पंपाचे जेमतेम १६-१७ स्ट्रोक होतात, आणि तेवढ्यात दोन्ही चेंबर कामापुरते भरायचे असतात. तुमची आठ-दहा सेकंदं तिथेच जातात.

रोज चालवली की पटकन सुरू होते, हे तर तुम्हीच नोंदवलं आहे. प्लग, पॉइंट, कॉइल किंवा कॉम्प्रेशनमध्ये दोष असता तर गाडीने रोज सकाळी छळलं असतं. अर्थिंगचंही तेच. गाडी ताब्यात देण्याआधी सेल मारताना बॅटरीचं व्होल्टेज आम्ही मोजलं होतं, ते ९.६ व्होल्टच्या खाली गेलं नाही, म्हणजे बॅटरी ठीक होती.

मित्राच्या गाडीत इलेक्ट्रिक पंप आहे. तो इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो, आणि तिथे कोरडे पडायला फ्लोट चेंबरच नाहीत. ही तुलना तुमच्या गाडीवर अन्याय करणारी आहे.

सुरू होईपर्यंत ॲक्सिलरेटरचं पेडल मारत राहतो, असं तुम्ही लिहिलं आहे. ते कृपया थांबवा. चेंबर कोरडा असेल तर पेडलने काहीच येत नाही, आणि भरला की तेच पेडल कच्चं पेट्रोल थेट आत फवारतं; मग प्लग ओले होतात आणि गाडी खरोखरच अडते. आधी पेडलला पाय न लावता पाच-सहा सेकंद सेल मारा, थोडं थांबा, स्टार्टरला गार होऊ द्या. मग पेडल दोन-तीनदा सावकाश पूर्ण दाबून सोडा आणि पुन्हा सेल मारा. चोकचा खटका वापरणार असाल तर पेडलला हात, म्हणजे पायही, लावू नका: या कार्ब्युरेटरमध्ये गाडी गार असताना जास्तीचं पेट्रोल देणारा वेगळा मार्ग असतो आणि थ्रॉटल बंद असेल तरच तो नीट ओढतो. गरम इंजिनाला मात्र उलटं करायचं. पेडल अर्धं दाबून तसंच धरायचं, मारायचं नाही.

मिक्श्चर (हवा-पेट्रोलच्या मिश्रणातलं पेट्रोल) वाढवून द्या, ही तुमची मागणी आम्ही नाकारली होती आणि आजही नाकारू. कोरड्या चेंबरवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजवतं. इतकं चांगलं इंजिन काही सेकंदांसाठी खराब करायला माझं मन धजत नाही.

उशीर नकोच असेल तर इलेक्ट्रिक पंप बसवता येतो. पण सोबत पेट्रोलचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर लागेल, आणि अपघातात पंप आपोआप बंद करणारा स्विचही. त्याशिवाय आम्ही तो बसवणार नाही. आणि वरच्या पद्धतीने चेंबर भरल्यावरही गाडी सुरू व्हायला वेळ घेत असेल, तर तो दोष समजून आम्ही तपासू. त्यासाठी गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे सकाळी गार इंजिनावर तुमच्यासमोर सेल मारून पाहता येईल.